शॉवरचा जोर कुठून येतो?

सुट्ट्या लागल्या की आमच्या ओळखीच्या घरांमधून बाथरूमची कामे निघतात. आखातात नोकरीला असलेला मुलगा दीड महिन्याच्या रजेवर आलेला असतो, आणि तो परत जाण्याआधी फरशा, नळ, सगळे नवे होऊन जावे अशी घरच्यांची घाई असते. त्यातून एक प्रश्न हमखास येतो : "जोराचा शॉवर कोणता घ्यावा? गरम-थंड एकत्र होणारा, हॉटेलात असतो तसा." या वर्षी तो इतक्या जणांनी विचारला की या महिन्याची ही पाने त्यालाच द्यायची ठरवली.

खेड तालुक्यातल्या एका घरापासून सुरुवात करतो, कारण त्या घरात या विषयातल्या बहुतेक अडचणी एकाच वेळी भेटल्या. मुलगा कुवेतला. येताना त्याने सामानातून एक जड, चकचकीत मिक्सर आणि बारा इंचांची शॉवरची थाळी आणली. तिकडे त्याच्या खोलीत असाच शॉवर होता आणि पाणी पाठीवर थापा मारल्यासारखे पडायचे. इकडे वरच्या मजल्यावरच्या नव्या बाथरूममध्ये तो बसवला, नळ पूर्ण उघडला, तर थाळीच्या मधल्या भोकांतून दोरे सुटल्यासारखे पाणी आले आणि कडेची भोके नुसती ठिबकत राहिली. प्लंबरला बोलून झाले, कंपनीला बोलून झाले. शॉवर मात्र निर्दोष होता. तिकडच्या इमारतीत पाणी पंपाच्या दाबाने नळापर्यंत येते. इथे गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी, आणि बाथरूम तिच्या बरोबर खाली.

शॉवर पाणी ढकलत नाही. तो फक्त आलेले पाणी भोकांतून वाटून देतो. ढकलण्याचे काम एक तर टाकीची उंची करते, नाही तर पंप. म्हणून दुकानात जाण्याआधी गच्चीवर जाऊन मोजपट्टी धरावी.

हिशेब आठवीच्या मुलाला जमेल असा आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार होतो. आता आपल्या घराचे बघा. खोलीची उंची दहा फूट, शॉवर सात फुटांवर, म्हणजे छतापर्यंत तीन फूट. स्लॅबचा अर्धा फूट, टाकीखालच्या ओट्याचे दोन फूट. झाले साडेपाच फूट, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आतच. त्याचा दाब ०.१७ बार. तळमजल्यावर त्याच टाकीचे पाणी आणखी एक मजला खाली उतरते, तिथे हा आकडा अर्ध्या बारच्या जवळ जातो. बाहेरून आणलेल्या कित्येक मिक्सरच्या खोक्यावर कमीत कमी दाब १ बार लिहिलेला असतो. इकडच्या बाजारात मिळणाऱ्या मालातही ०.५ बार मागणारे बरेच असतात. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेला हा आकडा कोणी वाचत नाही, दुकानदारही सांगत नाही. आणि दुकानात चालू करून दाखवतात त्या शॉवरमागे बहुधा पंप असतो.

इथे एक समज दूर करायला हवा. हजार लिटरच्या टाकीऐवजी दोन हजारांची घेतली तर जोर वाढेल असे पुष्कळांना वाटते. टाकीच्या रुंदीने दाब वाढत नाही. टाकी तुडुंब असताना आत मीटरभर पाणी उभे असेल तर त्याचा ०.१ बार तेवढा वर मिळतो. वरच्या मजल्यावर मुळातच जेमतेम दाब असल्यामुळे तेवढाही जाणवतो. सकाळी टाकी भरलेली असताना शॉवर बरा चालतो आणि दुपारी रडतो, याचे कारण हेच.

मोजपट्टीनंतर बालदी. शॉवरची थाळी काढून ठेवा, खाली दहा लिटरची खूण केलेली बालदी ठेवा, नळ पूर्ण उघडा आणि मोबाइलवर वेळ लावा. एका मिनिटात बालदी भरली तर मिनिटाला दहा लिटर. दोन मिनिटे लागली तर पाच. मिनिटाला सहा लिटरच्या खाली येत असेल तर मोठ्या थाळीचा विचार सोडा. लहान तोंडाचा हातशॉवर घ्या. आठ-दहा लिटर येत असेल तर चार ते सहा इंचांची थाळी छान चालते. बारा लिटरच्या पुढे आकडा गेला तरच आठ इंच आणि त्याहून मोठ्या थाळ्या बघाव्यात. ही चाचणी गरम आणि थंड अशी दोन्ही बाजूंची वेगवेगळी करा. दोन्हींत फार तफावत निघाली तर आधी ती दूर करावी लागेल, नाही तर कितीही महागाचा मिक्सर आणा, पाणी कधी गार कधी चटका.

आकडा कमी आला म्हणून लगेच पंपाकडे धावू नये. पहिल्यांदा फुकटातली कामे करावीत. टाकीखालचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिलेला असतो, हे इतक्या घरांत निघाले आहे की सांगायला हसू येते. थाळीच्या मानेत एक बारीक जाळी असते, तिच्यात वाळू आणि पाइपचे कण अडकतात; काढून धुवावी. जुन्या लोखंडी पाइपांत गंज चढून आतली वाट करंगळीएवढी उरलेली असते, तिथे पाइप बदलण्याला पर्याय नाही. आणि नवीन बांधत असाल तर एका गोष्टीवर अडून बसा : टाकीपासून बाथरूमपर्यंत एक इंची पाइप, आत पाऊण इंची, आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या हातभर अंतरात. मिस्त्री सुरुवातीपासूनच अर्धा इंची टाकतो, कारण ते स्वस्त आणि सोपे. पाइप अरुंद असला की उंचीने मिळालेला थोडासा दाब वाटेतल्या घासण्यातच संपतो. प्रत्येक काटकोनी वळणावर आणखी थोडा जातो.

टाकी उंच करणे हा दुसरा साधा उपाय. ओटा चार फुटांनी वाढवला तर वरच्या मजल्यावरचा दाब बराच वाढतो. पण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, हे विसरून विटांचे खांब रचू नयेत. ओटा भिंतीच्या किंवा तुळईच्या वर यायला हवा, आणि इंजिनिअरला एकदा दाखवून घ्यावा. कोकणातल्या पावसाळी वाऱ्यात रिकामी टाकी उडून शेजाऱ्याच्या अंगणात गेल्याचे आपण ऐकलेले असते. उंच ओट्यावर ती बांधून ठेवणे आलेच.

तरीही भागत नसेल तर पंप. गच्चीवरच्या टाकीनंतर एक लहान प्रेशर पंप बसतो. नळ उघडला की आपोआप सुरू, बंद केला की बंद. अर्धा हॉर्सपॉवरचा पंप दोन बाथरूमच्या घराला पुष्कळ झाला. नगरपालिकेच्या येणाऱ्या लाइनला थेट मोटर जोडून पाणी ओढणे कायद्याने गुन्हा आहे आणि ते शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी आहे. पंप लावायचा तो आपल्या टाकीच्या पुढे. त्याला सोडून जाणारी एक बाजूची वाट प्लंबरकडून करून घ्या, म्हणजे वीज गेली तरी साधे पाणी येत राहील. पंपाखाली रबराची गादी घाला. पहाटे सहरीच्या वेळी गच्चीवरची मोटर गुरगुरते तेव्हा सगळ्या आळीला तुमच्या घरात कोण उठले ते कळते.

पंप लावायच्या आधी घरातले गरम पाणी कुठून येते ते बघा. विजेचा साठवणीचा गीझर असेल तर त्याच्या पट्टीवर किती बारचा दाब सोसतो ते लिहिलेले असते. ८ बारचा असेल तर घरगुती पंपाची भीती नाही, मात्र त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह जागच्या जागी असावा. त्यातून थेंब गळतात म्हणून काही जण तो बुच मारून बंद करतात. तसे कधीही करू नका. दाब वाढला की बाहेर पडायला पाण्याला तेवढीच वाट असते.

सोलर असेल तर प्रकरण वेगळे. गच्चीवरच्या साध्या सोलरच्या टाकीला हवेसाठी एक उघडी नळी वर काढलेली असते. ती टाकी दाब सोसायला बनवलेलीच नसते. अशा घरात थंड पाण्याच्या लाइनला तेवढा पंप लावला तर थंड पाणी मिक्सरमधून उलटे गरम लाइनीत घुसते आणि गच्चीवरच्या त्या नळीतून कारंजासारखे बाहेर पडते. खाली माणूस गरम पाण्याची वाट बघत थंड पाण्यात कुडकुडतो. उलटे पाणी रोखणारा व्हॉल्व्ह लावून कारंजे थांबते, पण कमी दाबाचे गरम पाणी जास्त दाबाच्या थंड पाण्यासमोर टिकत नाही ते नाहीच. एक तर दोन्ही लाइनींना पंप हवा, गरम पाण्यासाठी वेगळ्या जातीचा; नाही तर दाबाची सोलर टाकी घ्यावी; नाही तर दोन्ही पाणी उंचीवरूनच येऊ द्यावे आणि शॉवर लहान घ्यावा. आमचा कल शेवटच्या मार्गाकडे आहे.

खेडच्या त्या घरात सोलरच होता. थाळी ठिबकत होती ते मुलाच्या जिवाला लागले होते, पण खरी गोष्ट नंतर घडली. दादींचे वय ऐंशीच्या पुढे. बालदी उचलवत नाही, वाकवत नाही, म्हणून तर मुलाने हा सगळा घाट घातला होता. चौथ्या-पाचव्या दिवशी दादी शॉवरखाली उभ्या असताना शेजारच्या संडासात कोणीतरी फ्लश ओढला. फ्लशची टाकी भरायला थंड पाणी तिकडे वळले, मिक्सरमध्ये थंड कमी झाले आणि सोलरचे कढत पाणी सरळ खांद्यावर आले. उन्हाळ्यातले सोलरचे पाणी ६०-७० अंशांपर्यंत जाते. ६० अंशांचे पाणी पाचेक सेकंदांत चांगल्या धडधाकट माणसाची कातडी भाजते, म्हाताऱ्या माणसाची त्याहून लवकर. दादी भिंतीला धरून बाजूला झाल्या म्हणून थोडक्यात निभावले. नंतर म्हणाल्या, "बेटा, तुझा शॉवर तुला मुबारक. मला माझी बालदीच बरी." आणि पुन्हा सून बालदी भरून द्यायला लागली.

या एका गोष्टीसाठी आम्ही हे सदर लिहायला घेतले म्हटले तरी चालेल. बाथरूमचा खर्च करताना घरातला तरुण माणूस स्वतःच्या पाठीचा विचार करतो. तिथे रोज एकट्याने, दार लावून, ओल्या फरशीवर उभे राहायचे असते ते म्हातारीला आणि लहान मुलाला.

त्या घरात मग काय केले? टाकीपासून त्या बाथरूमसाठी थंड पाण्याची स्वतंत्र एक इंची लाइन ओढली. तिच्यावर फ्लश नाही, स्वयंपाकघर नाही, वॉशिंग मशीन नाही. आता घरात कोणी कुठेही नळ सोडो, दादींच्या पाण्यात फरक पडत नाही. बारा इंची थाळी काढून खालच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या बाथरूममध्ये लावली. तिथे अर्ध्या बारच्या जवळ दाब आहे, पाठ थापटली जात नाही पण सगळ्या भोकांतून पाणी येते. वर तीन इंची तोंडाचा हातशॉवर आला, वर-खाली सरकणाऱ्या दांडीवर. खाली चार पायांचे, रबरी बुडाचे प्लास्टिकचे आसन. भिंतीत स्क्रूने पक्का केलेला धरायचा दांडा. चोखून चिकटणारे दांडे घेऊ नयेत, ऐन वेळी सुटतात, आणि हातशॉवरची दांडी ही आधाराची दांडी नव्हे, हे मुलांनाही सांगून ठेवावे. दादी आता बसून, आपल्या हाताने आंघोळ करतात.

लहान तोंडाच्या शॉवरची गंमत अशी की त्यातून पाणी कमी आणि वेग जास्त येतो. अंगाला जो जोर जाणवतो तो वेगाचा. तेच सहा-सात लिटर पाणी बारा इंचांच्या दोनशे भोकांतून सोडले तर निथळते, आणि तीन इंचांच्या थोड्या बारीक भोकांतून सोडले तर चांगले टोचते. बायकांच्या लांब केसांच्या मुळाशी पाणी पोहोचवायलाही हाच सोयीचा पडतो.

आता मिक्सर. बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा आहेत. पहिला भिंतीबाहेरचा वॉल मिक्सर : दोन चक्र्या, मध्ये नळ, वर थाळीची नळी, बाजूला हातशॉवर. दोन पाइपांमधले अंतर सहा इंच ठरलेले असते, त्यामुळे उद्या दुसऱ्या कंपनीचा आणला तरी त्याच जागी बसतो. बिघडला तर फरशी फोडावी लागत नाही. दिसायला जुन्या वळणाचा, पण कमी दाबात बऱ्यापैकी पाणी देणारा. लहान गावात, जिथे कंपनीचा माणूस बोलावून आठ दिवसांनी येतो, तिथे आम्ही डोळे मिटून हाच सुचवतो.

दुसरा भिंतीच्या आत लपणारा डायव्हर्टर. बाहेर फक्त एक चकती आणि एक दांडी. सुंदर दिसतो यात वाद नाही. पण त्याचे शरीर प्लास्टरच्या आत कायमचे गाडले जाते आणि बाहेरची चकती त्याच कंपनीची, त्याच जातीची लागते. दहा वर्षांनी ती जात बंद झाली तर फरशी फोडणे आले. घ्यायचाच असेल तर जास्त पाण्याचा, ज्याला दुकानात 'हाय फ्लो' म्हणतात तो मागा, आणि आतला कार्ट्रिज आपल्या तालुक्याच्या गावी सुटा मिळतो का ते आधी विचारा. फरशी लावण्याआधी सगळे पाइप दाबाखाली रात्रभर ठेवून कुठे पाझरत नाहीत ना, ते बघितल्याशिवाय मिस्त्रीला पुढे जाऊ देऊ नका.

तिसरा थर्मोस्टॅटिक. यात पाण्याची उष्णता एकदा लावून ठेवली की ती तशीच राहते. ३८ अंशांवर एक बटण अडते, ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि थंड पाणी अचानक बंद झाले तर तो गरमही बंद करतो. म्हातारी माणसे किंवा अपंग मूल असलेल्या घरात, पैशाची सोय असेल तर, हाच घ्यावा. साध्या मिक्सरच्या कितीतरी पट महाग पडतो आणि बहुतेकांना दाबही चांगला लागतो, म्हणून वरच्या मजल्यावर पंपाशिवाय तो घेण्यात अर्थ नाही. तिथे स्वतंत्र थंड लाइन हाच गरिबाचा थर्मोस्टॅट.

तिन्हींत गरम डाव्या हाताला, थंड उजव्या हाताला, हा जगभरचा रिवाज. मिस्त्री उलटे करून ठेवतो, मग पाहुणा भाजतो. मिक्सर थाळीच्या बरोबर खाली न लावता एक हात बाजूला, दाराकडे लावावा. म्हणजे बाहेर उभे राहून पाणी हाताला बरे लागेपर्यंत जुळवता येते आणि मग आत जाता येते. पितळी मालाची पारख वजनाने करावी; हातात घेतल्यावर डबा हलका लागला तर परत ठेवावा.

गीझरवाल्या घरांसाठी एक हिशेब राहिला. तीन लिटरचा झटपट गीझर शॉवरला चालत नाही. तीन किलोवॅटचा असला तरी पाणी २५ अंशांनी तापवायचे तर तो मिनिटाला पावणेदोन लिटरच देऊ शकतो. भांडी घासायला ठीक. साठवणीचा पंधरा लिटरचा गीझर ६० अंशांवर तापला आणि त्यात २५ अंशांचे थंड मिसळून ४० अंशांचे केले, तर कागदावर पस्तीस लिटर पाणी होते. प्रत्यक्षात थोडे कमी, कारण गरम बाहेर पडत असताना आत थंड शिरत असते. मिनिटाला नऊ लिटरच्या शॉवरखाली ही चैन चार मिनिटांची. पुन्हा पंधरा लिटर तापायला दोन किलोवॅटला अठरा-वीस मिनिटे. जुम्म्याच्या दिवशी बाराच्या सुमाराला अब्बा, दोन मुलगे आणि मामा असे चौघे रांगेत उभे राहतात तेव्हा चौथ्याच्या वाट्याला काय येते, ते ज्याच्या त्याच्या घरी माहीत आहे. मोठा शॉवर घ्यायचा तर गीझरही पंचवीस लिटरचा घ्यावा लागेल, हा खर्च आधीच धरावा.

आणि पाणी. हदीसमध्ये येते की प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुसल. मुद्द म्हणजे मोठ्या माणसाची भरलेली ओंजळ, साअ म्हणजे असे चार. हनफी आणि शाफई मापांत थोडा फरक आहे, तरी साअ तीन लिटरच्या आसपास धरायला हरकत नाही. बारा लिटरच्या शॉवरखाली आपण पंधरा सेकंद उभे राहिलो की तेवढे पाणी झाले. दहा मिनिटे उभे राहिलो तर १२० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या आठ बालद्या. पाच माणसांचे कुटुंब एका सकाळी ६०० लिटर वाहून देते आणि मग मे महिन्यात टँकरची वाट बघते. रत्नागिरी-रायगडात पाऊस एवढा धो धो पडूनही उन्हाळ्यात टँकर येतात, ते वाचकांना नव्याने सांगायला नको. इस्राफ हा शब्द आपण दस्तरखानावर सांडलेल्या अन्नाला वापरतो. तो बाथरूमच्या जाळीतून गेलेल्या पाण्यालाही लागतो.

शॉवरखाली गुसल होतो का, असेही काही भगिनी विचारतात. पाणी सगळ्या अंगाला, केसांच्या मुळांपर्यंत पोहोचले पाहिजे. बालदी की शॉवर याने फरक पडत नाही. हनफी घरांत कुल्ला आणि नाकात पाणी घेणे फर्ज आहे, ते शॉवरच्या घाईत राहून जाऊ नये. कोकणातल्या शाफई घरांत नियत पहिली. बारीकसारीक मसले आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावेत.

पाणी वाचवणारी एक छोटी वस्तू हातशॉवरच्या मानेला लावून मिळते : बोटाने पाणी थांबवायचे बटण. साबण लावताना दाबायचे, मिक्सरला हात न लावता पाणी थांबते आणि जुळवलेली उष्णता तशीच राहते. मात्र आंघोळ झाल्यावर मिक्सर बंद करायचाच. नुसत्या बटणावर सोडले तर नळी रात्रंदिवस दाबाखाली राहते आणि एक दिवस फुटते. शिवाय गरम-थंड आतल्या आत एकमेकांत शिरत राहतात.

बोअरवेलचे जड पाणी असेल तर वर्षातून दोन-तीनदा भोकांवर पांढरा थर चढेल. रबरी टोकांची थाळी असेल तर अंगठ्याने चोळून निघतो. नाही तर एका पिशवीत सिरका घेऊन ती थाळीला रात्रभर बांधून ठेवावी. सकाळी पिनने टोचून, वाहत्या पाण्यात धुऊन घ्यावी. ॲसिडची बाटली वापरू नये, वरचा मुलामा उडतो.

काम सुरू असेल त्यांच्यासाठी आणखी एक. फरशी चढण्याआधी, भिंत उघडी असताना, पाइपांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेजारी मोजपट्टी उभी धरून, म्हणजे जमिनीपासून किती इंचांवर पाइप आहे ते दिसेल. दोन-चार वर्षांनी घरातल्या कोणासाठी तरी भिंतीला धरायचा दांडा लावायचा असतो, तेव्हा ड्रिल कुठे चालवायचे नाही ते या फोटोत सापडते. फोटो मुलाच्या फोनमध्ये राहिला तर तो कुवेतला जातो. घरातल्या फोनवर मागवून घ्या.